वेळसंपली सरांचे घड्याळ

शाळेत त्यांना 'वेळसंपली' म्हणत. परीक्षेची शेवटची घंटा होताच लिहित्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढून घेण्यात त्यांची ख्याती होती. अर्धे राहिलेले वाक्य पुरे करू द्यावे, इतकी दया त्यांनी पोटच्या मुलीलाही दाखवली नव्हती. पुढे निवृत्ती आली, पत्नी गेली, मुलगी समुद्रापलीकडे स्थिरावली. आणि जन्मभर इतरांना वेळेचा धाक घालणाऱ्या या गृहस्थांना स्वतःचा वेळ खायला उठू लागला.

रविवारी सकाळी मुलगी संगणकावरून बोलत असे. एकदा न राहवून सरांनीच भरदुपारी संगणकावरून फोन लावला आणि तिची झोपमोड केली. ती वैतागली, "बाबा, निदान माझी वेळ तरी बघत जा!" सरांनी ते शब्दशः घेतले. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ त्यांनी स्वहस्ते तिच्या वेळेवर फिरवले आणि ते समाधानाने पाहत बसू लागले. आता उठली असेल. आता कामावर निघाली असेल.

त्या दिवसापासून संगणकाने जोडणीच नाकारली. एका मेकॅनिकने आतला सेल बदलला. दुसऱ्याने हातही न लावता नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. दुखणे कुठे आहे हे पाहण्याची तसदी हल्ली घेतो कोण? सर मात्र एका परीने निर्धास्त होते. मुलगी फोन करीत असणार, हे यंत्रच मेले आडवे येत असणार. टेबलावरचा साधा फोनही तितकाच मुका होता; त्याच्याकडे ते पाहत नसत.

अखेर शेजारणीने दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंना धाडले. बाईंनी पडदा पाहिला, खिडकी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काका, बाहेर ऊन रणरणतंय आणि तुमच्या मशीनमध्ये मध्यरात्र?"

"ती मुलीकडची वेळ आहे."

"अहो, मग दुसरं घड्याळ लावायचं! तुम्ही मशीनचीच वेळ फिरवलीत. पलीकडचं मशीन आधी वेळ ताडून बघतं. थापाड्याला दारातूनच वाटेला लावतं."

"मी आयुष्यात थाप मारलेली नाही, बाई."

"तुम्ही नाही हो, घड्याळाने मारली!"

बाईंनी वेळ आपोआप जुळेल अशी सोय केली आणि खाली लेकीचे वेगळे घड्याळ लावून दिले. "आता बघा, अडकलेलं सगळं धाडधाड येईल. निरोप, चुकलेले फोन, सगळं."

आले खरे. विम्याची जाहिरात आली, जुन्या सहकाऱ्यांची सुप्रभाते आली. मुलीच्या नावापुढे शेवटची नोंद सरांच्याच त्या दुपारच्या फोनची होती.

बाई जराशा घुटमळल्या. "कामात असेल. तुम्हीच लावा की. आता लागेल."

"लावतो. या तुम्ही."

दार लोटून सर परतले. आता लागेल, हीच तर पंचाईत होती. लागूनही उचलला नाही, तर बोल लावायला यंत्र उरणार नव्हते. त्यांनी निरोप लिहायला घेतला, 'तुला वेळ' इथवर लिहिले आणि हात थांबला.

मग त्यांनी बाईंनी केलेली सोय बंद केली आणि घड्याळ पुन्हा मध्यरात्रीवर नेले. जोडणी तुटली. अर्धे वाक्य पडद्यावर तसेच राहिले.

"झोपली असेल," सर म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढून बसले.