लॉकचं मराठी, सीडीचं मराठी

दलीचंदशेठनं छापखान्यात कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फोडला तो जानकूनं. जानकू म्हणजे शेठचा खिळे जुळवणारा माणूस. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, हे काम तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलेला. नारायणगावच्या आसपास ज्या घरात लग्न निघालं, तिथली पत्रिका जानकूच्या बोटांखालून गेलेली. ज्या यंत्रानं त्याचं काम जाणार होतं, त्यालाच त्यानं हळदकुंकू लावलं. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. शेठनं सांगितलं, त्यानं केलं.

हे १९९५ सालचं. त्या कॉम्प्युटरवर बसायला शेठनं रत्नाला ठेवली. रत्ना बोरी बुद्रुकची. बारावीनंतर तिनं मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली होती आणि तिची बोटं टाइपरायटरवर अशी पळायची, की क्लासमधल्या बाकीच्या मुली थांबून बघायच्या. नव्या कॉम्प्युटरची कळपाटी, म्हणजे कीबोर्ड, मराठीसाठी टाइपरायटरसारखीच होती, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच ती सरावली.

जानकूला शेठनं कागद कापायच्या मशीनवर बसवलं. तो अधूनमधून येऊन तिच्या मागं उभा राहायचा. एकदा त्यानं विचारलं,

"पण बाई, ह्यात खिळे कुटं ठेवल्यात?"

रत्नानं पडद्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं.

"आत असतील," ती म्हणाली.

कॉम्प्युटरच्या पाठीमागं, जिथं प्रिंटरची वायर लागते तिथं, काडेपेटीएवढा एक तुकडा खोचलेला असायचा. त्याला सगळे लॉक म्हणत. मराठी सॉफ्टवेअर पुण्यातल्या एका कंपनीचं होतं आणि कुणी त्याची चोरून नक्कल करू नये म्हणून कंपनीनं हे लॉक दिलं होतं. ते लावलं तर मराठी उमटायचं. काढलं की यंत्र नुसतं इंग्रजी बोलायचं. शेठ संध्याकाळी दुकान बंद करताना लॉक काढून सदऱ्याच्या खिशात घालायचे. रत्ना घरी सांगायची, "आमचे शेठ रोज मराठी खिशात घालून नेतात." घरचे हसायचे.

सगळ्यात जास्त हसायचे तिचे वडील, संपत. संपत कुकडीच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं हे त्यांच्याकडं. पण बोरीपासून पिंपळवंडीपर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते गाण्यांमुळे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरच्या कार्यक्रमाला ते हातात डफ घेऊन उभे राहायचे आणि स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली. वाचता यायचं, पण लिहायचा कंटाळा. गाणी सगळी डोक्यात.

रत्नाच्या मनात आलं, ही गाणी टाइप करून ठेवावीत, पुढंमागं पुस्तक काढावं. शेठला विचारलं. शेठ म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत कर. लाइट जळतेच आहे."

मग बाजाराच्या दिवशी संपत नारायणगावला आले, की दुपारी छापखान्यात यायचे. टोपी मांडीवर ठेवून स्टुलावर बसायचे आणि हळू आवाजात गायचे. रत्ना टाइप करायची. पण ते काम काही सरळ होत नव्हतं.

"आबा, मागच्या बारीला 'माय' म्हणाला होता. आता 'बाय' म्हणताय."

"मग दोनी बराबर हाय की."

"छापायला एकच लागतं."

"तू लिव्ह गं काय लिव्हायचं ते. गानं काय एकदाच म्हणायचं असतं व्हय?"

रत्ना एक शब्द लिहायची, पुढच्या बाजाराला ते दुसराच सांगायचे, ती बदलायची. पुस्तकाचं विचारलं की म्हणायचे, "थांब जरा, अजून एक बसतंय डोक्यात." तीन वर्षं असंच चाललं. गाणी फ्लॉपीवर साठत गेली आणि पुस्तक राहत गेलं. अठ्ठ्याण्णवच्या थंडीत संपतना छातीत दुखायला लागलं. मंचरच्या दवाखान्यात नेलं, पण ते परत आले नाहीत.

रत्नानं ठरवलं, वर्षभरानं आबांच्या स्मरणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईल, त्यात त्यांचं पुस्तक वाटायचं. फ्लॉप्या तिनं रुमालात बांधून कपाटात ठेवल्या होत्या. घाई नव्हती. सगळं टाइप झालेलंच होतं.

त्याच वर्षी शेठचा मुलगा कल्पेश पुण्याहून शिकून परत आला आणि धंद्यात बसला. मोठी कामं पुण्याला छापायला जायची आणि पुण्यातला छापणारा म्हणायचा, तुमचं मराठी आमच्याकडं उघडत नाही. तिकडं आता दुसऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर चालत होतं. ते सीडीवर यायचं, लॉक नको, काही नको, आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. कल्पेशनं जुना कॉम्प्युटर देऊन नवा घेतला. जुन्याच्या पाठीमागं लॉक तसंच खोचलेलं गेलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. एरवी रोज ते खिशात घालणारे शेठ तेव्हा राजस्थानात भाचीच्या लग्नाला गेले होते.

नव्या यंत्रावर रत्ना बसली आणि तिनं 'शुभविवाह' टाइप केलं. पडद्यावर भलतंच काहीतरी आलं. नव्या कंपनीनं कळपाटीच वेगळी लावली होती. इंग्रजी के दाबला की क, एम दाबला की म.

"सोपं आहे, ताई," कल्पेश म्हणाला. "ज्याला मराठी टायपिंग येत नाही, त्यालाही जमतं."

"आणि ज्याला येतं त्याला?"

हा प्रश्न कल्पेशला कुणी विचारला नव्हता.

ते दिवस रत्नाला फार जड गेले. मनात एक शब्द असायचा आणि बोटं दुसराच लिहायची. बोटं तिची होती, पण तिचं ऐकत नव्हती. घरी भाकरी थापतानाही तिला वाटायचं, आपण कुठलीतरी कळ चुकीची दाबतोय. एका पत्रिकेत तर तिनं नवऱ्या मुलाच्या मामाचं नाव असं काही लिहिलं, की ते उच्चारताही येईना. जानकूनं कापताना ते पाहिलं म्हणून वाचली.

मग कार्यक्रमाच्या महिनाभर आधी तिनं रुमाल सोडला आणि पहिली फ्लॉपी घातली. फाईल उघडली. अक्षरं मराठीच होती. काना, मात्रा, वेलांटी सगळं होतं. पण लिहिलं होतं, 'घ्ळ ठाआ ढीसु छङ'. पानभर तसंच. दुसरी फ्लॉपी, तेच. रत्नाला वाटलं, आपल्यालाच वाचता येईनासं झालंय. तिनं कल्पेशला हाक मारली.

"फाईल तर उघडलीय," तो म्हणाला.

"उघडलीय. पण ही आबांची गाणी नाहीत."

"आहेत ना, हेच तुम्ही टाइप केलंय."

"मी असलं कशाला टाइप करेन?"

कल्पेशला मग हळूहळू उलगडलं. कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असतं; पहिल्या कंपनीनं 'क' ज्या घरात ठेवला होता, त्या घरात दुसरीनं 'ढ' ठेवला होता. दोघींनी एकमेकींना न विचारता आपापली घरं भरली होती. त्यानं समजावून सांगितलं. रत्नानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "पण मराठी तर एकच आहे ना?"

जुना कॉम्प्युटर नेणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्याकडं तिनं लॉकची चौकशी केली. त्यानं यंत्र सुटं करून विकून टाकलं होतं. मग शेठनं स्वतः एसटीडीवरून पहिल्या कंपनीला फोन लावला. फोन उचलणाऱ्या बाईनं नाव सांगितलं ते दुसऱ्या कंपनीचं. पहिली कंपनी दुसरीनं विकत घेतली होती.

"मग ते लॉकचं मराठी आता तुमचंच ना?" शेठनं विचारलं.

"हो, सर. पण आम्ही ते बंद केलंय."

"बंद करायचं होतं, तर विकत कशाला घेतलं?"

पलीकडची बाई म्हणाली, सीडीवालं घ्या, ते जास्त चांगलं आहे. शेठनं फोन ठेवला. आयुष्य धंद्यात गेलेला माणूस. समोरचं दुकान विकत घेऊन त्याला कुलूप लावायचं, माल फेकून द्यायचा, आणि तरी फायदा व्हायचा, हा हिशेब त्यांना कुठूनच लागत नव्हता.

रत्ना त्या रविवारी बोरीत चिमाबाईंकडं गेली. चिमाबाई शेजारच्याच. संपत डफ घेऊन उभे राहिले, की मागं झील धरायला त्या असायच्याच. त्यांनी आणखी चारपाच बायका बोलावल्या. अंगणात पटकूर टाकलं, चहा झाला आणि बायका आठवून आठवून गाऊ लागल्या. कुणी एक ओळ म्हणायची, दुसरी तिला अडवायची.

"आगं, तसं न्हाई. आधी तळ्याची वळ, मंग पाटीची."

"पाटीची कुटून आली? ती दुसऱ्या गान्यात हाय."

चवदार तळ्याचं गाणं मात्र सगळ्यांना एकसारखं येत होतं. 'तळ्याच्या काठी गं, माय माझी वाकली, जन्मात पहिल्यांदा ओंजळ भरली.' बायकांनी ते दोनदा म्हटलं. रत्नानं हातानं लिहून घेतलं आणि छापखान्यात जाऊन नव्या कळपाटीवर, एकेक अक्षर शोधत, सगळी गाणी पुन्हा बसवली. काही सापडलीच नाहीत. काहींची दोनच कडवी मिळाली. जानकूनं पुस्तकं कापली, शिवली. कार्यक्रमाला ती वाटली गेली आणि पुढच्या जयंतीपासून पोरी त्यातूनच बघून गाऊ लागल्या.

त्यानंतर सहासात वर्षं गेली. रत्नाचं लग्न झालं, ती नारायणगावातच राहिली आणि शेठच्या छापखान्यातच. मग आणखी एक मराठी आलं. हे ना लॉकचं, ना सीडीचं. नवा कॉम्प्युटर घेतला, की आतूनच यायचं आणि कुठल्याही यंत्रावर तसंच दिसायचं. कळपाटी पुन्हा वेगळी.

"ह्याचे पैसे कोण घेतं?" शेठनं विचारलं.

"कुणीच नाही, पप्पा. फुकट आहे," कल्पेश म्हणाला.

"मग ती सीडीवाली कंपनी?"

"तिचं अवघड आहे आता."

शेठनं हात जोडले, कुणाला ते त्यांचं त्यांना माहीत. रत्ना तिसऱ्यांदा टायपिंग शिकली. या वेळी बोटांनी फारशी तक्रार केली नाही. कुठल्याच कळपाटीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

त्याच सुमारास कल्पेशला इंटरनेटवर पुण्यातला एक माणूस सापडला. त्यानं हौसेनं एक प्रोग्राम लिहिला होता. जुन्या, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधलं मराठी तो नव्या मराठीत आणून द्यायचा. कल्पेशनं कारण न सांगता रत्नाकडून तिच्या फ्लॉप्या मागून घेतल्या. अर्ध्या खराब झाल्या होत्या. उरलेल्यांतल्या फायली त्यानं पाठवल्या आणि एका सकाळी रत्ना कामावर आली तेव्हा पडद्यावर आबांची गाणी उभी होती.

ती उभ्यानंच वाचू लागली. कुठं रफार घरंगळला होता, कुठं जोडाक्षर तुटलं होतं, पण गाणी होती. बायकांना न आठवलेली कडवी होती. रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कल्पेश बाहेर जाऊन चहा सांगून आला. मग ती चवदार तळ्याच्या गाण्यापाशी पोचली. तिथं लिहिलं होतं, 'जन्मात पहिल्यांदा ओंजळ थरथरली.'

"प्रोग्रामची चूक असेल," कल्पेश म्हणाला. "बघा ना, किती ठिकाणी मोडलंय."

"रफार मोडतो. 'भरली'चं 'थरथरली' कसं होईल?"

हे तिनंच टाइप केलं होतं. आबा स्टुलावर बसलेले तिला आठवत होते, मांडीवरची टोपी आठवत होती. शब्द आठवत नव्हता. त्या बाजाराला ते 'थरथरली' म्हणाले असतील आणि पुढच्या बाजाराला पुन्हा 'भरली'. की आधी 'भरली' होतं आणि 'थरथरली' शेवटचं? आणि शेवटचं असलं तरी तेच खरं कशावरून?

ती प्रिंट घेऊन चिमाबाईंकडं गेली. चिमाबाई आता खाटेवरच असायच्या. रत्नानं ओळ वाचून दाखवली.

"थरथरली?" चिमाबाई उठून बसल्या. "न्हाई. भरलीच व्हतं. मी मागं उभी असायचे का तू?"

"पण मावशी, हे आबांनी मला सांगितलेलं आहे."

"मंग त्यानं तुला वायलं सांगितलं आसंल. आमी समद्या भरली म्हंतोय, पोरीबी भरली म्हनत्यात. आता मिशिन काय म्हनतंय म्हून आमी त्वांड बदलायचं?"

रत्नाला त्यांचं पटलं. बोरीहून परतताना एसटीत तिनं कागद पुन्हा उघडला आणि तिला आबांचंही पटलं. तळ्यावर पहिल्यांदा ओंजळ धरणाऱ्या बाईचे हात थरथरणारच. पण मग पाणी भरलं की नाही?

दुसरी आवृत्ती २००८ च्या जयंतीला निघाली. परत मिळालेली कडवी तिच्यात घातली. त्या ओळीवर कल्पेश तिला आठवडाभर विचारत होता आणि ती आठवडाभर "थांब जरा" म्हणत होती. शेवटी छपाईची प्लेट करायची वेळ आली तेव्हा तिनं 'भरली' ठेवलं. चिमाबाई जिवंत होत्या, एवढं एक कारण होतं.

जयंतीच्या दिवशी बोरीत विहारापुढं पोरी नवी पुस्तकं हातात धरून गायला उभ्या राहिल्या. रत्ना बायकांमध्ये बसून त्यांच्याबरोबर म्हणत होती. तळ्याचं गाणं आलं. माय वाकली, जन्मात पहिल्यांदा ओंजळ, इथपर्यंत तिचा आवाज सगळ्यांबरोबर होता. पुढचा शब्द तिला म्हणता आला नाही. बाकीच्यांनी तो म्हटला आणि गाणं पुढं गेलं.