येसराचा डबा अन् चौथा इंटरव्ह्यू

अभ्यास पोरी करतात अन् किस्से माझ्याकडं साठतात! मला अक्षर येत नाय, पण कान शाबूत हायेत. माझी नात मुक्ता अन् तिची मैत्रीण सायरा, दोघी आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरात, स्वैपाकघराला लागून, चार महिने ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग घोकत होत्या. मुक्ताचे तीन इंटरव्ह्यू हातचे गेले होते. चौथाबी गेला, तर सिल्लोडला मामाच्या सरकी-पेंडीच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. आता नोकरी लागली, म्हणून हसून सांगतेय. तव्हा घास उतरत नव्हता.

*

"आजी, सोऱ्या म्हणजे क्लास. त्यातून पडते ती चकली, म्हणजे ऑब्जेक्ट," मुक्तानं मला समजावलं.

"चार महिने सोऱ्याच घासताय व्हय? चकली कव्हा पाडणार?"

*

एकदा सायरानं भाजीसाठी येसर मसाल्याच्या डब्यात सरळ ओला चमचा घातला. मी ओरडले, "डब्याला हात लावायचा नाय! किती पाहिजे ते सांग, मी काढून देते."

मुक्तानं टाळीच वाजवली. "सायरा, हेच एन्कॅप्सुलेशन! माल आत झाकलेला, मागायचं ते आजीकडं."

सायरा बारीक तोंड करून म्हणाली, "और आजी सो गये तो?"

"मग सिस्टीम डाऊन!"

*

"आई-बापाचं लेकरात आपोआप येतं, ते इनहेरिटन्स," मुक्ता पाठ करत होती. तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, लगेच ताठ बसला. "बघ आई, हिचं डोकं माझ्यावर गेलंय!"

"व्हय, म्हणून तर तीन इंटरव्ह्यू गेले!"

त्यानं पेपरात डोकं घातलं. मग मुक्ताच खुदकन हसली. लई दिवसांनी.

*

चौथा इंटरव्ह्यू चिकलठाण्याच्या कंपनीचा, पण घरूनच, लॅपटॉपवर. साहेबांनी पॉलिमॉर्फिझम विचारलं अन् मुक्ताची बोलतीच बंद झाली. आवाज येईना, तसं स्वैपाकघरात मला वाटलं, इंटरव्ह्यू संपला. मी सवयीनं हाक दिली, "आवरा रे सगळे!"

पोरगा बनियनवरचा उठून शर्ट शोधायला पळाला. सुनंनं ओट्यावर फडकं मारलं. सायरानं वह्या गोळा केल्या.

मुक्तानं हे सगळं पाहिलं अन् तिला वाचा फुटली. "सर, ऐकलं ना? हेच ते! हुकूम एकच, पण ज्यानं त्यानं आपापल्या परीनं पाळायचा!"

मी हळूच दारातून डोकावले.

पडद्यावरचे साहेब घाईघाईनं शर्टाचं वरचं बटण लावत होते!