व्याह्यांसाठी माडगं

हुलग्याचं माडगं मी आयुष्यात एकदाच केलं आणि ते पुरून उरलं.

आमच्या रेवतीचं लग्न ठरलं खर्डा गावच्या एका घरात. तारीख पक्की करायला तिकडची मंडळी आमच्याकडे राहुरीला यायची होती. थंडी अशी, की अंघोळीचं नाव काढलं तरी अंगावर काटा यावा. होणारे व्याही फोनवर म्हणाले, "पाव्हणं, असल्या गारठ्यात आमी गरमागरम माडगं पितो. हुलगा भाजायचा, दळायचा, गुळाच्या पाण्यात शिजवायचा. तुमा राहुरीकरांना काय ठावं! धरणाचं पाणी अन् उसाचा रस! हुलगा बघितलाय का तरी कधी?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. (आमच्या हिच्या मते मी जन्मल्यापासूनच गप्प बसायला हवं होतं.)

"शनिवारी या!" मी गरजलो. "माझ्या हातचं माडगं पाजतो. पेला चाटूनपुसून दुसरा मागितला नाहीत, तर भर मांडवात कबूल करीन, की राहुरीकरांना माडगं येत नाही!"

झालं! अख्ख्या राहुरीची अब्रू मी एका पातेल्यात घातली.

शनिवारी सकाळी मी हिला स्वयंपाकघरात यायची बंदी केली. ही दारातूनच म्हणाली, "अहो, पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या."

"मला शिकवू नकोस!"

गुळाचं पाणी खळखळ उकळत होतं. त्यात मी कोरडं पीठ ओतलं, ऐटीत! क्षणात त्याच्या सुपारीएवढ्या गाठी झाल्या. रेवती डोकावून म्हणाली, "बाबा, लाडू करताय?"

रवीनं गाठी फोडल्या, तर माडगं खळीसारखं घट्ट झालं. म्हणून पाणी घातलं. मग ते इतकं पातळ झालं, की पातेल्याचा तळ दिसायला लागला. म्हणून पीठ घातलं. (या वेळी गार पाण्यात कालवून. हिचं लक्ष नाही असं बघून.) मग गोडी कमी पडली म्हणून गूळ, गूळ जास्त झाला म्हणून दूध. पातेलं काठोकाठ भरलं, तेव्हा मोठं पातेलं घेतलं. अखेर चव जमली! इतकी जमली, की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला.

तेवढ्यात फोन. "पाव्हणं, वाकडी वाट करून शिंगणापूरला दर्शन घिऊन येतो. रांग लई मोठी हाय. उशीर व्हईल."

आता माडगं काही पाहुण्यांची वाट बघत थांबत नाही. ते आपलं घट्ट होत बसतं! मी पाणी घातलं. पातळ झालं. पीठ घातलं. मोठं पातेलंही भरलं, तसा मी शेजारच्या सलीमभाईंकडे पळालो. ते लग्नाकार्यात बिर्याणी करून देतात. त्यांनी डेग आणून दिली, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, पाहुणे चार येनार का अख्खी वरात येनार?"

"चारच."

सलीमभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

दुपारी जीप दारात थांबली. मी पेले मांडले, मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "बसा पाव्हणं! माडगं तयार आहे!"

व्याह्यांनी हात जोडले. "पाव्हणं, आज शनिवार. आमा सगळ्यांचा उपास असतो."

मी मांडलेले पेले एकेक करून पालथे घातले. तेवढ्यात ही पदर सावरत साबुदाण्याची खिचडी घेऊन आली, वाफाळलेली!

"तुला माहीत होतं?" मी आत जाऊन दातओठ खात विचारलं.

"विहीणबाईंनी परवाच सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला शिकवू नकोस म्हणालात ना!"

व्याही माणूस मात्र मोठा दिलदार! "माडगं पिल्याबिगर हालायचो न्हाई," म्हणाले. "सांजच्याला उपास त्याच्यावरच सोडू." तारीख तर चहाबरोबरच ठरली. बाकीचा दिवस मंडळी गप्पा मारत होती आणि मी डेगीपाशी ढवळत होतो. हात दुखले, तसा मी जरा टेकलो, आणि तिथंच घात झाला.

दिवेलागणीला पळी घातली, तर पळी आत जाईना! सलीमभाईंना हाक मारली. दोघांनी मिळून डेग तिरकी केली, मग आडवी केली. थेंब पडेल तर शपथ!

"आता बंदी उठली का?" हिनं शांतपणे विचारलं. ताटाला तूप लावलं, माडगं खरवडून थापलं, वरून किसलेलं खोबरं पसरलं आणि सुरीनं वड्या पाडल्या.

बाहेर व्याही विचारत होते, "पेला कुठंय?"

"पेल्याची गरज नाही," मी सांगितलं आणि ताट पुढं केलं.

व्याह्यांनी वडी तोंडात टाकली. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग म्हणाले, "पाव्हणं, माडगं तुमाला येत न्हाई. कबूल करा!"

"कबूल!"

"पर हे जे काय हाय, ते लई भारी हाय! जाताना डबा भरून द्या!"

सगळे खो खो हसले, मीही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, इतकं हलकं वाटलं! विहीणबाई कौतुकानं हिला म्हणाल्या, "विहीणबाई, कशा केल्या वो या वड्या?"

"अगदी सोपं आहे," ही म्हणाली. "हुलग्याचं पीठ, गूळ, थोडं दूध, आणि दिवसभर ढवळत बसेल असा एक नवरा."

विहीणबाईंनी आपल्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "समदं सामान हाय की घरात!"

व्याह्यांनी माझ्याकडं मोठ्या आशेनं पाहिलं. मी मान खाली घालून दुसऱ्या ताटातल्या वड्यांवर खोबरं भुरभुरत राहिलो. दिवसभरात तेवढं एकच काम हिनं माझ्यावर विश्वासानं सोपवलं होतं, आणि तेही खोबरं स्वतः किसून देऊन!