गोल टेबलाशी एक खुर्ची

ती नागपूरची, मी पुण्याची. अमेरिकेतल्या अल्फारेटात आमच्या घरांमध्ये जेमतेम दोन सिग्नलचं अंतर. जॉर्जियात कारखाने बांधणाऱ्या एका चिनी कंपनीत मी एचआर मॅनेजर, आणि ती माझ्यानंतर आलेली, वयानेही लहान, सेफ्टी ऑफिसर. तिचा मला हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, अजूनही वाटतो.

कंपनीचं दुखणं एकच होतं: इथली अमेरिकन माणसं टिकत नव्हती. चांगला फोरमन मिळाला की वर्षाच्या आत सोडून जायचा. जाणाऱ्या प्रत्येकाशी मीच बोलायचे, त्यामुळे कारण मला पाठ होतं. चीनहून आलेले इंजिनिअर दुपारी साइटवर एका मोठ्या गोल टेबलाभोवती जेवायचे. पदार्थ मांडलेली मधली काच फिरवत, घास घेता घेता उद्याचं काम ठरायचं, तेही चिनीत. मग दिवे मालवून सगळे घडीच्या खाटांवर तासभर आडवे. अमेरिकन लोक आपापल्या पिकअपमध्ये सँडविच खाऊन परत यायचे तेव्हा प्लॅन बदललेला असायचा, आणि ते सांगायला जागं कोणीच नसायचं.

मी यावर रिपोर्ट लिहिला. निर्णय जेवताना नकोत, मीटिंगमध्ये घ्या. साहेबांनी, म्हणजे आमच्या चिनी प्रोजेक्ट मॅनेजरनी, तो दोन्ही हातांनी घेतला आणि ठेवून दिला. मी शाकाहारी. केबिनचं दार लावून पोळीभाजी खात मी पुढचा रिपोर्ट लिहायला घेतला.

ही मात्र पहिल्याच आठवड्यात त्या टेबलाशी. सावजी खाऊन वाढलेली; डुकराचे कान काय नि बदकाची मान काय, तिला सगळं चालायचं. तिखट कमी पडलं म्हणून स्वयंपाक्याला चिडवायची. एक दिवस एका फोरमनला हाताला धरून घेऊन गेली. मग दुसऱ्याला. त्यांच्यासाठी साहेब आपल्या मोडक्या इंग्रजीत बोलायला लागले. हळूहळू पिकअपमध्ये जेवणारं कोणी उरलं नाही, आणि माणसं सोडून जाणंही थांबलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दुखण्याचं निदान माझं, आणि हिने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, त्याही जेवता जेवता.

कंपनीला टेनेसीत नवं काम मिळालं, तेव्हा सगळ्या अमेरिकेचं एचआर कोणाकडे द्यायचं हे ठरणार होतं. ते पद माझंच, असं मी घरी सांगूनही बसले होते. साहेबांनी बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की तिला देतोय. मी कारण विचारलं.

"तुम्ही फार हुशार आहात," ते म्हणाले. "पण आम्हाला वाटलं, तुम्हाला आमच्याबरोबर बसायला आवडत नाही."

सोमवारी ती केबिनच्या दारात उभी. "ताई, चला ना लंचला. तुमच्यासाठी सेपरेट कढईत व्हेज करायला कुकला सांगितलंय."

"तो करतो?"

"मी आस्क केलं, तो हो म्हणाला."

जायला नको होतं, पण गेले. साहेबांशेजारची खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. तिने काच फिरवून वांग्याची भाजी बरोबर माझ्यासमोर आणली. ती भिकार निघावी, असं मला मनापासून वाटत होतं. इतकी सुरेख झाली होती की मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी डबा नेला नाही, आणि त्याबद्दलही मला राग तिचाच आला.