‘खरं’च्या पुढचं

आमच्या मेंदूवडा मॅडमचा कशावरही पहिल्या झटक्यात विश्वास बसत नसे. दूधवाला ‘म्हशीचंच हाय’ म्हणाला तरी त्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहायच्या. म्हैस दारात आणली असती, तर तिच्याकडेही तशाच बघत राहिल्या असत्या.

नाव ठेवण्याचं पाप माझं. आमचे हे वारल्यावर दोन महिन्यांनी शेजारणीने शाळेच्या दारावरचा कागद दाखवला: ‘दुःख, मेंदू आणि आपण. दर मंगळवारी.’ बिनचष्म्याची मी ‘मेंदू’ एवढंच वाचलं, वडा मनानेच जोडला. आणि गेले की!

मॅडम आमच्याच भागातल्या, गारगोटीच्या; कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. जवळचं माणूस गमावलेल्या आम्हा आठ-दहा जणींना गोल करून बसवत. तेही फुकट! माझा संशय बळावला. ही कुठल्या तरी बाबाची एजंट असणार. तीन मंगळवार मी त्यांच्या पिशवीवर डोळा ठेवून होते. अंगारा निघतो की माळ? निघाली भाकरी आणि लसणाची चटणी. तीसुद्धा मी आधी शेजारणीला खायला लावली.

एकदा कुणीतरी म्हणालं, “सोसलं की माणूस देवाच्या जवळ जातो.” मॅडमचा चष्मा खाली आला. “दुःख नुसतं रान मोडून टाकतंय, बाई. मेंदूत वाट पडती ती रोज चालून, आपल्याच पायानं. आणि सोबत कोण असलं तर लवकर.”

मला हे पटायचं नाही, कारण मी तेव्हा संत झाले होते. रोज सकाळी अंबाबाईला जायचं, गल्लीभर प्रसाद वाटायचा आणि ‘दुःखानं मला मोठं केलं’ असं डोळे मिटून सांगायचं. काय तो आव! बायका पाया पडायच्या बेतात होत्या, आणि मी पाय थोडे पुढेच ठेवत होते.

मंगळवारी तेच प्रवचन लावलं. “आता मन कसं शांत झालंय. रोज देवळात जाते खरं...”

“पुढं बोला,” मॅडम म्हणाल्या.

“झालं की.”

“आक्का, मी गारगोटीची हाय. आपल्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पणाच्या पुढचं कुठं हाय?”

पुण्याच्या बाई असत्या तर ‘खरंच’ समजून टाळ्या वाजवल्या असत्या. इथे मात्र सुटका नव्हती. मग निघालं. मी देवळापर्यंत जात होते, आत पाऊल टाकत नव्हते. चपला ठेवतात तिथे बसायची, ह्यांचा जोड कधी शेजारी असायचा ते आठवायची, देवीवर धुमसायची आणि दुकानातले पेढे प्रसाद म्हणून वाटायची.

कुणी हसलं नाही. शेजारीण तेवढी म्हणाली, “तरीच! पेढा रोज नव्या चवीचा!”

पेढे बंद झाले. पुष्कळ मंगळवारांनी एका सकाळी मी आत गेले. हात जोडले नाहीत, भांडले. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, “बोलणं सुरू झालं न्हवं? हीबी वाटच.”

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन जायला आली. निरोपाला गेले तेव्हा घर रिकामं, मॅडमच्या हातात कुलूप.

“नातवंडं हायत, बाग हाय,” मॅडम म्हणाल्या. “तिकडं बरंच होईल खरं...”

मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. “पुढं बोला.”

खालून मुलगी हाका मारत होती. मॅडम उंबऱ्यावर बसल्या, कुलूप मांडीवर ठेवलं आणि मला शेजारी जागा करून दिली.