आई जेवली तो दिवस

भट्टीवाला रोज सकाळी पाव आत सारण्याआधी भट्टीच्या तोंडात उजवा हात घालायचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागायचा. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. ही रीत त्याच्या वडिलांची. भट्टी किती तापली हे सांगणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं आणि घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रार्थनेच्या सुरुवातीलाच हात झटकन बाहेर आला, तर भट्टी फार तापलेली, थांबायचं. 'आमेन'पर्यंत टिकला, तर गार, आणखी लाकूड घालायचं. आणि जिथे देवाकडे आपल्या अपराधांची क्षमा मागायची ओळ येते, नेमकं तिथे हाताला सोसवेनासं झालं, की भट्टी पावाला बरोबर. त्यामुळे उभ्या आयुष्यात त्याची सकाळची प्रार्थना क्षमेपाशी तुटायची आणि पुढे कामाला सुरुवात व्हायची.

लहानपणी याची त्याला गंमत वाटे. पुढे वाटेनाशी झाली.

त्याच्या उजव्या हातावर एक केस नव्हता. डाव्यावर दाट. धाकटी बहीण म्हणायची, "दादाचा एक हात पुरुषाचा, एक बाईचा. म्हणूनच लग्न जमलं नाही, कुठला हात मागावा हे पोरींना कळेना." हे ती दर पाहुण्यापुढे सांगायची आणि तो दर वेळी तितकाच हसायचा. खाली बेकरी, वर दोन खोल्या, एवढंच घर. वडील लवकर गेले. आई, मोठा भाऊ, भट्टीवाला आणि धाकटी राहिली. धाकटीचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत आली आणि सकाळी खालच्या लाकडी टेबलाशी उभी राहून भावाबरोबर कणकेचे गोळे वळू लागली.

नरकाची भीती त्याला आईकडून आली की चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरकडून, हे सांगणं कठीण. फादर शनिवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. एकदा त्यांनी पेटती मेणबत्ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, हिच्यावर बोट धरा. कोणी धरेना. "बघा, एक क्षण नको वाटतो. आता असा क्षण मनात आणा ज्याला शेवट नाही." मुलं घाबरली आणि खेळायला गेल्यावर विसरली. भट्टीवाला विसरला नाही. बाकीच्यांना नरक ऐकून माहीत होता, याला तो मोजता येत होता. आपला हात किती टिकतो ते त्याला ओळीगणिक ठाऊक होतं.

मोठ्याला असलं काही शिवलं नाही. तो रंगारी. चर्चच्याच भिंती रंगवताना कुठल्याशा वादावरून त्याचं फादरशी वाजलं. ब्रश तिथेच टाकून तो घरी आला, आणि त्यानंतर चर्चच्या पायरीवरही त्याने पाय ठेवला नाही. आई रडायची, हातापाया पडायची. "अरे, पश्चात्ताप केल्याशिवाय मेलास तर कुठे जाशील, कळतंय का तुला?"

"कळतंय की. जिथे रात्रंदिवस धूर असतो, तिथे भिंती काळ्या होणारच. मला काम कायमचं."

आई त्या दिवशी जेवायची नाही. अशी ती पुष्कळदा जेवली नाही.

मग मोठा एका इमारतीच्या परांचीवरून पडला. दवाखान्यात त्याच्याजवळ शेवटच्या दुपारी भट्टीवाला एकटाच होता. आईला जिना उतरवत नव्हता, धाकटी तिच्यापाशी थांबली होती. मोठा शुद्धीवर होता. भट्टीवाल्याने त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "फादरना बोलावू?"

"नको."

"नुसतं देवाला सॉरी म्हण. मनात म्हण. मी कोणाला सांगणार नाही."

मोठ्याने बराच वेळ छताकडे पाहिलं. "काय भिकार रंग दिलाय रे," तो म्हणाला. मग पाणी मागितलं. भट्टीवाल्याने चमच्याने पाजलं. थोडं गळ्यात गेलं, थोडं उशीवर. त्यानंतर मोठा काही बोलला नाही आणि संध्याकाळच्या आत संपला.

भट्टीवाला घरी आला तेव्हा आई वरच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. मुलगा गेला हे तिला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिने ते विचारलंही नाही. तिने एकच विचारलं.

"शेवटी देवाचं नाव घेतलं त्याने?"

"घेतलं," भट्टीवाला म्हणाला.

आई बघत राहिली. तेवढ्यावर भागणार नव्हतं. मग तो बोलत गेला. मोठा रडला. छातीवर क्रूस केला. म्हणाला, आईला सांग, माझं चुकलं. एकेक वाक्य आधीच्या वाक्याला टेकू देत गेलं. पलीकडे धाकटी पदर तोंडात धरून ऐकत होती. आईचा चेहरा सैल झाला, कित्येक वर्षांची गाठ सुटावी तसा. मोठ्याला पुरून आल्यावर ती पानावर बसली आणि पोटभर जेवली, आणि ज्या घरात माणूस गेलाय त्या घरात हे कसं दिसतं याचीही तिने पर्वा केली नाही.

पुढचं वर्षभर आई सुखात जगली आणि झोपेत गेली. ती गेली त्याचं भट्टीवाल्याला दुःख झालं, पण ते खोटं बोलल्याचं काही केल्या होईना. आणि इथून त्याची तडफड सुरू झाली.

तो चर्चमध्ये पापं सांगायला जायचा. "रागावलो, आळस केला, खोटं बोललो, रविवारी उशिरा आलो," असं ते खोटं तो इतर सामानात गुंडाळून द्यायचा. म्हातारे फादर कबुलीच्या लाकडी खोक्यातून, जाळीपलीकडून, प्रायश्चित्त म्हणून दोन प्रार्थना सांगून सोडून द्यायचे. बाहेर पडताना त्याला वाटायचं, आपण देवाला वजनात फसवलं. लपवलेल्या पापाची क्षमा होत नाही, हे तो मेणबत्तीच्या दिवसापासून शिकलेला होता. पण उघड सांगून तरी काय? पश्चात्ताप हवा. तो कुठून आणायचा? आईचा सैल झालेला चेहरा आठवला की त्याला वाटायचं, आज विचारलं तरी मी हेच सांगेन. आणि हे वाटलं की त्याला एका जागी बसवत नसे. तो उठून येरझारा घालायचा, पिठाची पोती उगाच या भिंतीची त्या भिंतीला लावायचा.

"तुला काय मुंग्या चावतात का?" धाकटी विचारायची.

म्हातारे फादर गेले आणि त्यांच्या जागी एक उंच, तरुण फादर आले. भट्टीवाल्याला वाटलं, नवा माणूस आहे, जमेल. एका शनिवारी दुपारी तो जाळीशी गुडघे टेकून बसला आणि या वेळी एकच गोष्ट सांगितली, सगळी. शेवटी म्हणाला, "पण मला त्याचं वाईट वाटत नाही."

"मग आलात कशाला?" फादरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं.

"वाईट वाटत नाही, याची भीती वाटते म्हणून."

"कशाची भीती?"

"नरकाची. दुसऱ्या कशाची?"

फादर म्हणाले, "भीतीने आलात तरी चालेल. पुष्कळ जण तसेच येतात. पण एक सांगा, ते खोटं संपलंय का?"

"आई गेली, फादर."

"आईचं झालं. अजून कोणी त्याच्यावर विश्वास ठेवून आहे?"

भट्टीवाल्याला एकदम धाकटी दिसली, पदर तोंडात धरलेली. "बहीण," तो म्हणाला.

"तिला खरं सांगा. पश्चात्ताप म्हणजे निदान चालू असलेलं थांबवणं. मग या. मी इथेच आहे. आज मात्र मला तुम्हाला क्षमा देता यायची नाही."

सांगायचं ठरवणं सोपं होतं. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज दुसराच विषय काढायचा. मीठ जास्त झालंय का, छत गळतंय का, तुला नवीन चपला घ्यायला हव्यात. त्याची प्रार्थनाही बिघडली. क्षमेच्या ओळीची धास्ती बसली म्हणून तो ती लवकर उरकायला बघायचा. ओळ येऊन गेली तरी हाताला काही होत नसे. त्याला वाटे, भट्टी गार आहे. मग तो आणखी लाकूड सारायचा आणि पाव काळेठिक्कर. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. समोरचा न्हावी पाव उलटापालटा करून म्हणाला, "दाढी तरी करून आणायचीस याची." धाकटी करपलेले पाव सुरीने खरवडायची आणि भावाकडे चोरून बघायची. शेवटी तिनेच विषय काढला.

"दादा, तुला काही झालंय का? डॉक्टरांकडे गेला होतास का? मला सांगत नाहीस असं काही आहे?"

ती गोळे वळत होती. तो टेबलाच्या पलीकडे उभा राहिला आणि हाताला लागलेली कणीक खरवडत त्याने सांगून टाकलं. मोठा रडला नाही. क्रूस केला नाही. आईचं नावही काढलं नाही. फादर नको म्हणाला आणि पाणी मागितलं.

धाकटीचे हात चालूच होते. एक गोळा झाला, दुसरा झाला.

"पाणी दिलंस?"

"दिलं."

"मग?"

"मग काही नाही. छताच्या रंगाला नावं ठेवली."

तिच्या तोंडून हसू फुटलं आणि तसंच अर्धवट विरलं. ती टेबलाला धरून उभी राहिली. "दादा, मी त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावली नाही रे. आईनेही नाही. तो स्वर्गात पोहोचला म्हणून आम्ही त्याला यादीतून काढला. रोज संध्याकाळी मेलेल्यांसाठी प्रार्थना करताना सगळ्यांची नावं घेतली, त्या भांडकुदळ शेजारणीचंसुद्धा. त्याचंच नाही. एवढी वर्षं तो तिथे कुठेतरी असेल आणि आपल्या घरातून कोणी त्याला हाक मारली नाही."

"नरकात असेल तर हाक मारून उपयोग नसतो," भट्टीवाला पुटपुटला.

"तू गेला होतास बघायला? शेवटच्या श्वासाला त्याच्या मनात काय होतं, ते तुला दिसलं?" तिचा आवाज चढला. "तू त्याला आधी स्वर्गात घातलंस, आता नरकात घालतोयस. तू कोण रे?"

ती ॲप्रन काढून निघून गेली. त्या दिवशी गोळे त्यानेच वळले, वेडेवाकडे.

त्यानंतर धाकटी त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. पीठ संपलं. दार लाव. काम आटोपलं की ती चर्चमध्ये जायची. एकदा तो तिच्या मागोमाग गेला आणि दाराशी उभा राहिला. ती मोठ्यासाठी मेणबत्ती लावत होती. वारा होता. ज्योत विझायची, ती पुन्हा लावायची, पुन्हा विझायची. न चिडता ती हाताचा आडोसा करत राहिली. भट्टीवाला तिच्या पाठीकडे बघत राहिला. आपण काय नेलं ते त्याला पहिल्यांदा दिसलं. आईला एक गोष्ट दिली होती, हे त्याला ठाऊक होतं. ती कोणाच्या खिशातून काढून दिली, हे आज कळलं. तो आत गेला नाही. फादरांकडेही गेला नाही. हे दुःख पुरेसं आहे की अर्धंच, हे त्याला ठरवता येईना. पुढच्या शनिवारी जाऊ म्हणाला. मग त्याच्या पुढच्या.

तेवढ्यात छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासलं, हृदय दमलंय म्हणाले, आणि धाकटीला बाजूला घेऊन आणखी काहीतरी सांगितलं. तो वरच्या खोलीत खाटेवर पडून राहिला. खाली भट्टी बंद होती, त्यामुळे फरशी गार पडली होती. त्या गारव्याने त्याला झोप येईना. या कुशीवरून त्या कुशीवर, पांघरूण ओढ, पांघरूण फेक.

"फादरना निरोप धाडलाय," एका दुपारी धाकटी म्हणाली. खाटेच्या कडेला बसली. कित्येक दिवसांनी ती अशी जवळ बसली होती. "दादा, आता तरी वाईट वाटतं का रे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. दारात खुर्ची टाकून बसलेल्या आईचाच तो चेहरा होता. एक शब्द पुरला असता. तो चेहरा सैल कसा करायचा, हे जगात त्याच्याइतकं कोणाला येत नव्हतं.

"तुझ्याकडून त्याचं नाव काढून घेतलं, त्याचं वाटतं," तो म्हणाला. "फार वाटतं. मोठ्याचं वाटतं. आईचं..." त्याला दम लागला. "त्या दिवशी आई जेवली ना. त्याचं अजून वाटत नाही. वाटावं, असं वाटतं."

धाकटीने नाक पुसलं. "नुसतं हो म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता, गाढवा. आत्ताच बरं तुला खरं बोलायचं सुचलं."

"हो."

"फादरना असंच सांगशील?"

"असंच. ते काय म्हणतील कोण जाणे."

"म्हणतील ते म्हणतील. मी जिन्यात बसते तोवर." तिने त्याचं पांघरूण नीट केलं, पुन्हा विस्कटलं, पुन्हा नीट केलं. तिचाही हात एका जागी ठरत नव्हता. खाली दार वाजलं. जड पावलं जिना चढू लागली. धाकटी उठली.

त्यानंतर भट्टीवाला बंद दाराआड जे बोलला ते फादरांकडे राहिलं, आणि शेवटी धाकटीला आत बोलावून तिघांनी मिळून जे म्हटलं ते प्रार्थनेतलं होतं, सगळ्यांचंच. त्याचं स्वतःचं, साधं, रोजच्यासारखं शेवटचं बोलणं त्याआधीचं, धाकटी फादरांना घ्यायला दारापर्यंत पोहोचली तेव्हाचं. त्याने तिला मागून हाक मारली आणि म्हणाला, "त्यांना सांग, वर तुळई आडवी आहे, डोक्याला लागेल. जरा वाकून या म्हणावं."