शिंकेला ओ देणारा तांबू

भुतंखेतं, पुनर्जन्म वगैरे मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमचे अण्णा कारखान्यात अधिकारी, इंग्रजी शिकलेले. मांजर आडवं गेलं की ‘आधी तू जा बाबा’ म्हणून हसत. फक्त शिंकेच्या बाबतीत आईपुढे त्यांचं काही चालत नसे. निघताना कुणी शिंकलं की परत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच बाहेर पडायचं. ही शिंक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पन्नास-एक्कावन्न साल असेल. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बिऱ्हाड होतं. परसातल्या सरपणाच्या खोपटीत देवळापाशी फिरणारी एक कुत्री व्याली आणि थोड्याच दिवसांत मेली. पिल्लांतलं एकच जगलं — तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. आईची आधी साफ ना होती. मग तीच गुपचूप ताकभात कालवू लागली. मी नाव ठेवलं तांबू.

पण तांबू हाकेला यायचा नाही. ‘यू यू’ करा, चुचकारा, भाकरी दाखवा... आपण निघून गेलो की मग येऊन खायचा. आई म्हणाली, “बहिरं आहे गं बिचारं.” अण्णांनी त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. त्याने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा झोपला. म्हणजे बहिरा नव्हता.

मग नगरहून सखूआत्या आली, येताना पडसं घेऊन. कुत्र्याचा तिला भारी विटाळ. ओसरीवर बसल्या बसल्या तिने दणदणीत शिंक दिली — आऽच्! परसातून तांबू सुसाट आला आणि थेट तिच्या मांडीत डोकं घालून बसला. “अगं बाई, सोवळं गेलं माझं...” म्हणता म्हणता ती पुन्हा शिंकली. तो आणखी जवळ सरकला.

झालं, मला किल्लीच सापडली. मी दिवसभर खोटं खोटं शिंकू लागले. अण्णांनी चपला घातल्या की परसातून माझं ‘आच्’ ऐकू यायचं आणि आई पाण्याचा पेला पुढे करायची. शेवटी ते वैतागले. “सुमे, हे पोट आहे की रांजण? मी गेल्यावर बोलाव त्याला.”

हे हसणं फार दिवस टिकलं नाही. अण्णांची जबलपूरला बदली झाली आणि कुत्रा नेता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी आळीभर विचारत फिरले. ‘हाकेला येत नाही तो कुत्रा काय कामाचा?’ हेच सगळीकडे. रस्त्यावर सोडला तर त्याला कोण जगवणार? माझ्यासारखं शिंकत कोण बसणार? मला जेवण गोड लागेना.

तेव्हा कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीतून — आताचं उल्हासनगर — एक सिंधी बाई पापड विकायला यायची. आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. पायरीवर टोपली ठेवून बसली. तिची नात फाटकापाशी चिंचा वेचत रेंगाळली होती. बाईने तिला हाक मारली, “अच, अच.”

नातीच्या आधी तांबू आला. शिंकेला यायचा तसा नाही... कण्हत, पोट जमिनीला घासत आला. टोपली कलंडली, पापड सांडले, बाईचं लक्षच नव्हतं. तिचा हात त्याच्या टिळ्यावर होता.

“बाई, ये कब से है तुम्हारे पास?”

आई म्हणाली, “इधरच जन्मा. हमारे लकडी के खोपटे में. अभी साल भी नहीं हुआ.”

“अच म्हणजे... अच माने क्या?” मी विचारलं.

“अच माना आ.” ती त्याला थोपटत राहिली. मग म्हणाली, “उधर सिंध में हमारा भी था. ऐसा ही, माथे पे सफेद. हमारी गाड़ी छूटी तो साथ साथ दौड़ा. सब बोले, भगा उसको. मेरे से नहीं हुआ. मैं खिड़की से बोलती रही... अच, अच.”

आईने डोळ्याला पदर लावला. “ले जाव,” एवढंच म्हणाली.

तांबू तिच्यामागे गेला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी खूप रडले.

अण्णांनी कारण शोधलं: त्याची आई छावणीत खरकटं खायला जात असेल, तिथे ही हाक तिच्या कानावर पडली असेल. असेल! पण भाषा काय दुधातून उतरते?

जबलपूरला निघण्याआधी हट्ट करून मी छावणीत गेले. बराकीच्या दाराशी तांबू पडला होता. मी शिंकले. पुन्हा शिंकले, घसा दुखेपर्यंत. त्याने कानही हलवला नाही. इतक्यात आतून बाईची हाक आली, “अच.” कुणाला ते कळलं नाही. आम्ही दोघंही आत गेलो.

या सगळ्याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही, आणि माझा विश्वास अजूनही नाही. पण घरात कुणी शिंकलं की सगळे ‘सत्य आहे’ म्हणतात, आणि मी दाराकडे पाहते.